एक शनिवार तुमचा, एक शनिवार माझा: नवरा-बायकोनं पाळी लावून पिक्चर बघायचे कसे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या चौकोनात आळीपाळीनं 'मी' आणि 'हे' असं पेनानं लिहिलेलं असतं. ज्याचं नाव त्याचा पिक्चर. आम्ही बेळगावात वडगावला राहतो, मी निपाणीची, शाळा सगळी मराठीत झाली, आणि ह्यांचं बालपण गोकाकला, शाळा कन्नड मीडियम, घरात मराठी. म्हणजे लग्न झालं तेव्हा दोघांकडं पिक्चरांचं आपापलं वेगळं गाठोडं होतं आणि एकमेकांच्या गाठोड्यात काय आहे ते सात-आठ वर्षं आम्ही उघडूनच बघितलं नव्हतं. रात्री टीव्ही लावायचा, अर्धा-पाऊण तास नुसतं हे बघूया का ते बघूया का करत खालीवर करायचं, शेवटी दोघांनाही चालेल असं काहीतरी लावायचं आणि त्यातच झोपायचं.

हे 'दोघांनाही चालेल' आहे ना, तिथंच सगळं अडतं असं माझं पक्कं मत झालंय. दोघांना चालणारं शोधत बसलं की दोघांपैकी कुणालाच मनापासून आवडणारं कधी लागतच नाही. त्यापेक्षा एक दिवस पूर्ण तुमचा, एक दिवस पूर्ण माझा. आम्हाला हे जमायला वर्षभर लागलं, काय चुकलं आणि काय बसलं ते सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांना सुरू करायचंय त्यांचा वेळ वाचेल.

आधी दिवस ठरवा, पिक्चर नंतर

दर आठवड्याला करायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. लग्नसराई, गणपती, पाहुणे, पोरांच्या परीक्षा, ह्यात दर आठवड्याचं काही टिकत नाही आणि दोनदा मोडलं की सुटतंच. महिन्यातून दोन ठेवा. वर्षाला 24 होतात, प्रत्येकाच्या वाट्याला 12, आणि ठरवून निवडलेले 12 पिक्चर म्हणजे कमी नाहीत हो.

शनिवार आम्ही घेतला कारण हे उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, रविवारी सुट्टी, सकाळी उठायची घाई नाही. आणि दुसरं कारण म्हणजे आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचे माग आहेत, ते नऊला बंद होतात. त्याआधी पिक्चर लावला तर हळू आवाजातले डायलॉग खटक-खटक मध्येच जातात. तुमच्याकडं माग नसतील, देवळातला स्पीकर असेल, रस्ता असेल, पण घर शांत कधी होतं ते बघूनच वेळ ठरवा. आमचं सव्वानऊला सुरू होतं, त्यासाठी जेवणं साडेआठला उरकावी लागतात आणि भांडी दोघांनी मिळून घासायची, नाहीतर एकजण बघतोय आणि दुसरी ओट्याशी असा प्रकार होतो.

लांबीचा विचार आधी करायचा. सैराट 174 मिनिटांचा आहे, म्हणजे सव्वानऊला लावला तर संपायला बारा वाजून गेले, त्यानंतर बोलायला कुणाच्यात जीव राहतो का? पहिले चार-पाच पिक्चर दोन तासांच्या आतले निवडा. मोठा असेल तर शनिवारी अर्धा, रविवारी दुपारी अर्धा, मध्यंतर कुठं घ्यायचं ते ज्याची पाळी त्यानं आधीच बघून ठेवायचं.

पाळीचा हक्क म्हणजे पूर्ण हक्क

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा लांबण लावते. ज्याची पाळी आहे त्यानं निवडलेल्या पिक्चरला दुसऱ्यानं तोंड वाकडं करायचं नाही. "हा कशाला", "ह्यात काय आहे", "रेटिंग बघितलंस का" हे काही चालणार नाही. आणि निवडणाऱ्यानंही कारण द्यायचं नाही, जाहिरात करायची नाही. "बघ हं, तुला खूप आवडणार" म्हटलं की समोरच्यावर आवडून घ्यायची जबाबदारी येते आणि ती फार जड असते.

आमच्याकडं बुधवारी फ्रीजवर चिठ्ठी लागते, त्यात चारच गोष्टी: नाव, भाषा, किती मिनिटं, सर्टिफिकेट कुठलं. पोरं घरात असतील तर ते शेवटचं बघाच, आता यूएमध्ये सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस असे वेगळे प्रकार आलेत त्यामुळं अंदाज पटकन येतो.

नकार अजिबात नाहीच असं मात्र करू नका. आम्ही प्रत्येकाला वर्षातून दोन नकार ठेवलेत, कारण विचारायचं नाही, चिठ्ठीवर फुली मारायची की झालं, निवडणाऱ्यानं दुसरा निवडायचा. ह्यांनी एकदा श्वास लिहिला होता. त्यात लहान मुलाला डोळ्यांचा कॅन्सर असतो, ऑपरेशनमध्ये दृष्टी जाणार असते आणि त्याआधी आजोबा त्याला जग दाखवून आणतात. पिक्चर चांगलाच आहे, पण तेव्हा माझा भाचा दवाखान्यात होता आणि मला ते सोसणार नव्हतं, मी फुली मारली. ह्यांनी काही न बोलता चिठ्ठी बदलली. दीड वर्षानं मीच माझ्या पाळीला तो निवडला. नकार म्हणजे 'कधीच नाही' असं नसतं, 'आत्ता नको' एवढंच असतं बऱ्याचदा.

आणि मध्येच उठून जायचं नाही. अगदीच बसवत नसेल तर अर्ध्यावर थांबवायला सांगा, उरलेला दुसऱ्या दिवशी बघा, पण पूर्ण बघा. शेवटच्या वीस मिनिटांत मत बदललेले पिक्चर आमच्या वहीत कितीतरी आहेत.

निवडायचं कसं

पाळीच्या दिवशी सकाळी शोधायला बसलात तर ॲप जे समोर ठेवेल तेच निवडाल, मग ती तुमची पाळी राहिली कुठं, ती ॲपची पाळी झाली. दोघांनी आपापली दहा नावांची यादी आधीच वहीत लिहून ठेवायची, आणि आठवतील ते असे आठवायचे: शाळेत असताना कुठला बघून झोप लागली नव्हती, आईबाबा कुठल्याबद्दल सारखं बोलायचे, कुठला अर्धाच बघितला होता आणि शेवट अजून माहीत नाही, कुठल्याची नुसती गाणी माहीत आहेत.

एक कळकळीची सूचना. तुमचा सगळ्यात लाडका पिक्चर पहिल्या तीन पाळ्यांत काढू नका. मी काढला, ह्यांना मध्ये डुलकी लागली आणि मला इतकं लागलं की दोन दिवस मी नीट बोलले नाही. त्यांची काही चूक नव्हती, सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस होता. लाडका पिक्चर म्हणजे आपलाच एक तुकडा असतो, समोरचा अजून आपल्या पद्धतीनं बघायला शिकलेला नसतो तेव्हा तो पुढ्यात टाकला की दुखतंच. आधी असे काढा की आवडले नाहीत तरी आपल्याला फरक पडणार नाही, पाच-सहा झाल्यावर लाडका आणा.

आपल्या भागातल्या लोकांना एक मोठी सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही, आपल्याला दोन्ही भाषा कानाला सवयीच्या असतात. बोर्डावर कुठली भाषा ह्यावरून बाहेर काय चालायचं ते चालू दे, घरात ही श्रीमंती वापरा. एकाच गोष्टीचे दोन अवतार जोडीनं बघा: सैराट 2016 चा, त्याचाच कन्नड मनसु मल्लिगे 2017 चा आणि त्यातही नायिका रिंकू राजगुरूच आहे. तीच मुलगी, तीच गोष्ट, पण गाव बदललं, बोली बदलली की काय बदलतं आणि काय बदलत नाही ह्यावर दोन संध्याकाळी जातील. तशीच दुसरी जोडी म्हणजे बारा माणसं एका खोलीत बसून खुनाचा निकाल लावतात तो 1957 चा ट्वेल्व्ह अँग्री मेन, फक्त 96 मिनिटांचा, आणि त्यावरून 1986 ला केलेला हिंदी एक रुका हुआ फैसला.

कन्नड पिक्चर ज्याला कळतो त्यानंही फुशारून जायचं नाही. ह्यांच्या पाळीला तिथि बघितला, मंड्याकडच्या खेड्यातली गोष्ट, शंभरी ओलांडलेला म्हातारा वारतो आणि अकराव्या दिवसापर्यंत घरात काय काय होतं ते, कामं सगळी गावातल्याच साध्या लोकांनी केलेली. गोकाकची कन्नड वेगळी, मंड्याची वेगळी, त्यामुळं चार-दोन ठिकाणी ह्यांनाही खालची इंग्रजी वाचावी लागली. मला त्यामुळं जरा धीर आला, म्हटलं दोघंही परकेच आहोत की इथं.

लावायच्या आधीची तयारी

ही कामं शुक्रवारी रात्री करायची, ऐनवेळी नाही.

सबटायटल: आपल्यातल्या पुष्कळ लोकांना इंग्रजी वाचता येतं पण पटापट नाही, दोन ओळी वाचेपर्यंत सीन गेलेला असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करता येतं आणि मागं काळी पट्टी लावता येते, ती लावा, फरक पडतो. वाचायला राहिलं तर पॉज म्हणायचं बिनधास्त. आमच्यात मांडीवर दोन टिचक्या म्हणजे थांबवा. थांबवणाऱ्याला "अगं एवढं पण कळलं नाही" असं कुणी म्हटलं की त्या घरातलं हे सगळं बंद पडलं म्हणून समजा.

चित्र: नवीन टीव्हीत चित्र गुळगुळीत करायचं एक सेटिंग कंपनी चालूच करून देते, मोशन असं काहीतरी नाव असतं त्यात. पिक्चर साधारण सेकंदाला 24 चित्रांनी काढलेला असतो, टीव्ही मध्ये आपली चित्रं घुसडतो आणि सगळं सिरियलसारखं दिसायला लागतं. ते बंद करा. आणि जुना पिक्चर असेल, 1937 चा कुंकू वगैरे, तर तो जवळजवळ चौकोनीच असतो, बाजूला काळ्या पट्ट्या दिसतात, त्या राहू द्या. पडदा भरावा म्हणून ताणलात तर माणसं बुटकी आणि रुंद दिसतात.

आवाज: टीव्हीचे स्पीकर बहुतेक मागं नाहीतर खाली असतात, त्यामुळं गाणी मोठी आणि बोलणं बारीक. सेटिंगमध्ये डायलॉग किंवा व्हॉइस असा मोड बघा, नसेल तर साधा साउंडबार पुरतो.

पावसाळ्यात आपल्याकडं जून ते ऑगस्ट लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही, पिक्चर दुपारीच डाउनलोड करून ठेवावा. गेल्या जुलैत ऐन शेवटाला लाईट गेली तेव्हा उरलेली पंधरा मिनिटं आम्ही फोनवर बघितली, चादरीत डोकं घालून, एक इअरफोन ह्यांच्या कानात, एक माझ्या.

खायचं ज्याची पाळी नाही त्यानं करायचं. चिरमुरे, कांदा, वरून थोडं तिखट-तेल. कुरकुरीत काही नको, 'कोर्ट' नावाच्या मराठी पिक्चरसारखा शांत पिक्चर असेल तर प्रत्येक घास ऐकू येतो.

बघताना

फोन दुसऱ्या खोलीत. आधी बघितलेल्यानं पुढचं सांगायचं नाही, आणि त्याहून अवघड म्हणजे चांगला सीन आला की समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. मला ही सवय होती, ह्यांना हसू येतंय का बघत बसायचे. "अगं तू पिक्चर बघ की, मला काय बघालीस," म्हणाले एकदा. बरोबर होतं त्यांचं.

बोलायचं कसं, हा खरा भाग

पिक्चर संपल्या संपल्या "आवडला का?" हा प्रश्न आमच्या घरात बंद आहे. त्याला उत्तर दोनच, हो किंवा नाही, आणि दोन्हीनं बोलणं संपतं. 'कळला का' तर त्याहून वाईट.

संपला की आधी पाच-दहा मिनिटं गप्प. मी गॅलरीत जाते, हे गेटला कुलूप लावून येतात. खरं बोलणं आमचं रविवारी सकाळी चहाला होतं, रात्रभर मुरलेलं असतं. पण रात्री झोपायच्या आधी प्रत्येकानं एकच सांगायचं, डोळ्यासमोरून जात नाही असा एक सीन. फक्त सीन, मत नाही.

सकाळी ज्याची पाळी नव्हती त्यानं आधी बोलायचं आणि निवडणाऱ्यानं निदान पाच मिनिटं मध्ये पडायचं नाही. हे फार जड जातं, आपला पिक्चर असला की बचाव करायला जीभ वळवळते. पण त्या पाच मिनिटांत समोरच्यानं काय बघितलं ते कळतं, आणि ते आपण बघितलेलं नसतं.

उदाहरण देते. माझ्या पाळीला उंबरठा लावला, 1982 चा, स्मिता पाटीलचा, नवऱ्याच्या कामात गिरीश कार्नाड आहेत, म्हणून ह्यांनाही जवळचा वाटेल असं मनात होतं. सुलभा घर, नवरा, मुलगी मागं ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीला जाते. मी तो तीनदा बघितलेला, तिन्ही वेळा सुलभाच्याच नजरेनं. सकाळी हे चहाचा कप फिरवत बसले आणि म्हणाले, "त्या जाऊबाईचं काय गं? पोरगी तर तिनंच वाढवली की." मी गप्पच झाले. मूल नसलेली ती जाऊ, तिला त्या पोरीचा लळा लागलेला, आणि मी तिला सुलभाच्या वाटेतली एक अडचण म्हणून बघत आले होते. मग कळलं, ह्यांना काकूनं वाढवलंय, आई मिलच्या दवाखान्यात कामाला असायची. हे मला माहीत होतं हो, पण असं समोर आलं नव्हतं कधी. तो पिक्चर माझा राहिला नाही, दोघांचा झाला.

बोलणं अडलं तर हे प्रश्न कामाला येतात. कुणाची बाजू खरी वाटली, आणि मध्ये बदलली का. कुठला माणूस पडद्यावर कमी आला पण आणखी बघायला हवा होता. कुठला सीन काढला असता. शेवट आधीच्या सीनला संपवला असता तर काय झालं असतं. हा शेवटचा प्रश्न कोर्टला फार चालला. त्यात खटल्याचं कामकाज संपतं, माणसं जातात, एकेक दिवा बंद होतो, पडदा काळाच होतो, हे रिमोट घ्यायला उठलेसुद्धा. आणि मग पिक्चर पुढं चालू होतो, तेच न्यायाधीश सुट्टीत सहलीला गेलेले, बाकावर डुलकी, पोरं ओरडून दचकवतात आणि ते एका पोराला चापट मारतात. अंधारातच संपला असता तर आपण न्यायव्यवस्था म्हणून हळहळलो असतो, ही सहल दाखवल्यामुळं न्याय देणारा माणूस घरचा कसा आहे ते घेऊन उठतो. त्यावर आमचं दुपारच्या जेवणापर्यंत चाललं होतं.

नुसती गोष्ट नको, कान-डोळे पण वापरा. कुंकूमध्ये पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातलंच, भिंतीवरचं घड्याळ वगैरे. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात आलेल्या तरुण बायकोची गोष्ट, आणि ते घड्याळ ऐकत बसलं की कुणी काही न सांगता अंगावर येतं. ट्वेल्व्ह अँग्री मेन परत बघाल तेव्हा कॅमेरा कुठं आहे बघा, सुरुवातीला माणसांच्या वरून बघतो, शेवटाकडं खाली उतरतो, त्यामुळं खोली दाबल्यासारखी वाटते. एका पिक्चरला अशी एकच गोष्ट धरायची, चार धरल्या तर क्लास घेतल्यासारखं होतं.

भांडण झालं तर

होतंय, घाबरू नका. पिक्चरमधल्या सासूवर बोलता बोलता घरातली सासू कधी आली ते कळत नाही. आमचा नियम साधा आहे, बोलणं पडद्यावरच्या माणसांबद्दलच. "तुमच्या आईसारखीच" किंवा "तुझ्या भावासारखाच" हे शब्द आले की समोरच्यानं फक्त "पडद्यावर" म्हणायचं. घरातलं जे वर आलं असेल ते खरं असतं, ते दाबायचं नाही, पण त्याला वेगळी वेळ द्यायची, पिक्चरच्या आडून मारायचं नाही. उंबरठाच्या वेळी ह्यांनी स्वतःचं सांगितलं, तसं ज्यानं त्यानं आपलं आपण सांगितलं तर चालतं.

वही

साधी शंभर पानी वही पुरते. तारीख, नाव, कुणाची पाळी, दोघांची एकेक ओळ. स्टार द्यायचे नाहीत, आम्ही आधी द्यायचो आणि दोन स्टार बघून ह्यांनी पुढच्या दोन पाळ्या मला आवडेल असंच निवडलं, म्हणजे परत तेच 'चालेल'वालं. ओळ लिहा, कशीही. तिथिसमोर माझी ओळ आहे, 'म्हातारा मेला पण घर कुणाचंच थांबलं नाही'.

जम बसल्यावर

सहा महिन्यांनी थोडं वाढवा. वर्षातून दोनदा थेटरात, पाळी तशीच. नोव्हेंबरात पणजीला इफ्फी म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, 2004 पासून गोव्यातच होतो, चोर्ला घाटानं आपल्याला जवळ. आधी डेलिगेट म्हणून नाव नोंदवावं लागतं. एक दिवस एकाच्या पसंतीचे, दुसरा दिवस दुसऱ्याच्या, आम्ही एकदाच गेलो पण अजून त्यावर बोलतोय.

एकजण परगावी असेल तर पाळी चुकवू नका. मी बाळंतिणीसाठी वहिनीकडं निपाणीला महिनाभर होते तेव्हा फोनवर एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम प्ले दाबायचो आणि फोन ठेवून द्यायचो, संपल्यावर परत लावायचा.

ह्या शनिवारी 'हे' आहे. फ्रीजवर चिठ्ठी लागलीय, कन्नड, ब्लॅक अँड व्हाइट, 140 मिनिटं. म्हणजे जेवणं आठला उरकायला हवीत, आणि चिरमुरे संपलेत, ते गणपत गल्लीतून आणायचेत.